शिकागोतली ती यादी : पोलिसांच्या छळाविरुद्ध ब्लॅक वस्त्या कशा लढल्या

डिसेंबर १९६९. शिकागोतली कडाक्याची थंडी, आणि वेस्ट मनरो स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या फ्लॅटसमोर लोकांची रांग लागलीये. म्हाताऱ्या बायका, तरुण पोरं, कामधंद्याची माणसं, एकेक करून आत जातायत आणि गप्प होऊन बाहेर येतायत. आत रक्ताने भिजलेली गादी होती आणि भिंतींत गोळ्यांची भोकं. ४ डिसेंबरला पहाटे पोलिसांनी तिथे छापा टाकला होता आणि ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीचा तिथला नेता फ्रेड हॅम्पटन, वय अवघं २१, त्याला झोपायच्या खोलीतच मारलं, त्याच्याबरोबर मार्क क्लार्क हा दुसरा तरुणही गेला. पोलीस म्हणाले आतून आमच्यावर धडाधड गोळ्या आल्या म्हणून आम्ही झाडल्या. पण त्यांनी तो फ्लॅट सील न करताच सोडला, आणि पँथरच्या पोरांनी दार उघडं ठेवून सगळ्या वस्तीला बोलावलं, या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एका मोठ्या पेपरात फोटो आले होते, दारावरच्या काळ्या ठिपक्यांना गोल करून लिहिलेलं की ह्या बघा आतून आलेल्या गोळ्यांच्या खुणा. पत्रकार जाऊन बघतात तर ती चक्क खिळ्यांची डोकी. पुढे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, चौकशीत निघालं की पोलिसांनी ऐंशीच्या वर गोळ्या झाडल्या आणि आतून सुटली असेल तर एक.

कोणी मला विचारलं की हे 'कम्युनिटी ऑर्गनायझिंग' म्हणजे नक्की काय, तर मी या रांगेपासूनच सांगायला घेते. कारण आपल्याला टीव्हीवर दिसतो तो मोर्चा, घोषणा, अश्रुधूर, आणि चार दिवसांनी सगळं शांत झालं की आपल्याला वाटतं संपलं. पण वस्तीतल्या लोकांचं खरं काम मोर्च्याच्या आधी आणि नंतर चालू असतं. कोणाला काय झालं ते लिहून ठेवणं, पुरावा हातातून जाऊ न देणं, एका घरातलं दुःख शेजारच्या घराला कळवणं, कोणाकडे काय मागायचं आणि तो कधी अडचणीत असतो हे ओळखणं. हॅम्पटन स्वतः हे शिकला होता ते मेवुड नावाच्या उपनगरात, आणि विषय काय होता तर पोहण्याचा तलाव! आजूबाजूच्या गावांतल्या तलावांत ब्लॅक पोरांना घेत नव्हते, म्हणून या शाळकरी वयाच्या मुलाने शेकडो पोरं जमवून गावाकडे स्वतःचा तलाव मागितला. आज त्या तलावाला त्याचंच नाव आहे.

पँथर हा शब्द आपल्याला परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव आणि तडफ दोन्ही या अमेरिकेतल्या पँथरांकडून घेतलं होतं. त्यामुळे शिकागोची ही गोष्ट मराठीत सांगायला मला फार प्रस्तावना लागत नाही.

आता थोडं वस्तीबद्दल. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो ब्लॅक कुटुंबं वांशिक हिंसेला आणि गरिबीला कंटाळून उत्तरेच्या शहरांत आली, शिकागोत त्यातले बरेच साउथ साइडला राहिले, म्हणजे राहावंच लागलं, कारण दुसरीकडे घर विकत मिळत नव्हतं, भाड्याने मिळत नव्हतं, बँका कर्ज देत नव्हत्या. असा शहराचा एक अख्खा भाग तयार झाला जिथे राहणारे ब्लॅक आणि गस्त घालणारे बहुतेक गोरे. तिथल्या माणसाने पोलिसांची तक्रार करायची ती पोलिसांकडेच.

याच साउथ साइडला, ९१ वा स्ट्रीट आणि कॉटेज ग्रोव्हच्या कोपऱ्यावर, एरिया टू नावाचं पोलीस ठाणं होतं आणि तिथे जॉन बर्ज हा अधिकारी. व्हिएतनामला मिलिटरी पोलिसात राहून आलेला. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्या डिटेक्टिव्हनी शंभराहून जास्त लोकांचा, आणि ते जवळजवळ सगळे ब्लॅक, छळ करून कबुलीजबाब घेतले. आपल्याकडे याला सरळ थर्ड डिग्री म्हणतात. तोंडावर टाइपरायटरचं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून श्वास कोंडायचा, खोली गरम करायच्या तापलेल्या रेडिएटरला शरीर टेकवायचं, आणि एक काळी पेटी होती, हाताने हँडल फिरवलं की करंट येणारी, तिच्या वायरींचे चिमटे कानाला, बोटांना, गुप्तांगाला लावायचे. हे एका शहरात वीस वर्षं चाललं. जिथे महापौर होता, कोर्टं होती, पेपर होते.

कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही, आणि मला याचीच जास्त चीड येते. फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन पोलिसांचा खून झाला आणि त्यात अँड्र्यू विल्सन नावाच्या माणसाला पकडलं. तुरुंगाच्या दवाखान्यातले मुख्य डॉक्टर जॉन राबा यांनी त्याला झालेल्या जखमा पाहून पोलीस प्रमुखांना पत्र लिहिलं, जखमांचं वर्णन केलं आणि चौकशी करा म्हणाले. पोलीस प्रमुखाने ते पत्र मुख्य सरकारी वकिलाकडे पाठवलं. तिकडे हे पद निवडणुकीतून भरतात, आणि त्या वेळी त्यावर होता रिचर्ड डेली. बर्जवर खटला झाला नाही. डेली पुढे १९८९ मध्ये महापौर झाला आणि वीसेक वर्षं राहिला. आणि त्या पत्रानंतरही माणसं एरिया टूमध्ये जात राहिली. डॅरेल कॅनन १९८३ मध्ये गेला, म्हणजे पत्र लिहून दीड वर्षाहून जास्त झाल्यावर. त्याला एका निर्जन जागी नेऊन तोंडात शॉटगन घातली, चाप ओढला, असं तीनदा, प्रत्येक वेळी त्याला वाटलं मेलो, आणि मग गुरं हाकायची करंटची काठी गुप्तांगाला लावली. त्याने कबुली दिली आणि वीसहून जास्त वर्षं आत काढली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी कारण बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. विल्सनने ते खून केले होते. वरच्या कोर्टाने १९८७ मध्ये छळामुळे त्याची पहिली शिक्षा रद्द केली, पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. मग अशा माणसासाठी कोण उभं राहील, तुम्हीच सांगा? दोन पोलिसांच्या मारेकऱ्याच्या बाजूने बोलायचं म्हणजे अख्खं शहर अंगावर घेणं. तरी सुरुवात त्याच्यापासूनच झाली, आणि माझ्या मते ती तशीच व्हायला हवी होती, कारण गुन्हेगाराला करंट लावला तर चालतं असं एकदा कबूल केलं की मग करंट लागलेला प्रत्येक माणूस गुन्हेगारच ठरवला जातो. विल्सनने तुरुंगातून शहरावर दिवाणी दावा लावला आणि त्याचे वकील होते पीपल्स लॉ ऑफिसचे, तीच मंडळी जी वीस वर्षांपूर्वी हॅम्पटनच्या फ्लॅटमधला पुरावा गोळा करत होती.

१९८९ मध्ये हा खटला चालू असताना वकिलांना निनावी पत्रं यायला लागली, पोलीस खात्याच्याच पाकिटातून. आतला कोणीतरी सांगत होता की विल्सन एकटा नाही, अमुक माणसाला भेटा, तो तुरुंगात आहे. वकील त्याला जाऊन भेटले, त्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि अशी ती यादी वाढत गेली.

या यादीचं महत्त्व साध्या भाषेत सांगते. एकटा माणूस कोर्टात म्हणाला की मला शॉक दिला, तर समोर वर्दीतला अधिकारी म्हणतो साफ खोटं, आणि ज्युरी वर्दीवर विश्वास ठेवते. पण एकमेकांना आयुष्यात कधी न भेटलेली पन्नास माणसं, वेगवेगळ्या वर्षी पकडलेली, वेगवेगळ्या तुरुंगात असलेली, सगळी एकाच काळ्या पेटीचं, त्याच हँडलचं, त्याच टाइपरायटरच्या कव्हरचं वर्णन करतात तेव्हा? पोलिसांवरच्या तक्रारी बघणाऱ्या शहराच्याच विभागाने १९९० मध्ये अहवाल दिला की एरिया टूमधला छळ पद्धतशीर होता. तो अहवाल दाबून ठेवला होता, १९९२ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बाहेर आला. सिटिझन्स अलर्टसारख्या संस्था आणि वस्तीतले लोक पोलीस बोर्डापुढे जाऊन बर्जला काढा म्हणून मागे लागले आणि १९९३ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. फक्त काढलं हं. तो फ्लोरिडाला जाऊन राहिला, पेन्शन चालू.

त्याच्या छळामुळे आत गेलेले मात्र आतच होते, त्यातले काही फाशीच्या कोठडीत. अशा दहा जणांनी १९९८ मध्ये तुरुंगातच गट केला, डेथ रो टेन. तुरुंगात बसून संघटन कसं करणार असं वाटेल, पण त्यांच्या आया बाहेर होत्या. बाहेरच्या कार्यकर्त्यांनी सभा ठेवायच्या, आणि ठरलेल्या वेळी फाशीच्या कोठडीतून फोन यायचा, तो स्पीकरवर लावायचा, आणि हॉलमधले लोक त्या माणसाचा आवाज ऐकायचे. ज्याला सरकार मारणार आहे तो तुमच्याशी बोलतोय, स्वतःची केस समजावून सांगतोय. पत्रक वाचणं वेगळं आणि हा आवाज ऐकणं वेगळं. जानेवारी २००३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी पायउतार होता होता यातल्या चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली आणि राज्यातल्या बाकी सगळ्या फाशीच्या शिक्षा कमी केल्या. इलिनॉयने, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याने, २०११ मध्ये फाशीच रद्द केली.

मग बर्जचं काय? २००२ मध्ये विशेष वकील नेमले, चार वर्षं चौकशी झाली, आणि २००६ मध्ये अहवाल आला की छळ झाला होता हो, पण मुदत संपली. म्हणजे गुन्हा घडल्यावर ठराविक वर्षांत खटला भरायचा असतो, ती वर्षं उलटून गेली होती. मुदत संपली कारण सगळ्यांनी ती संपू दिली, हे मला लिहायलाच हवं. शेवटी फेडरल सरकारी वकिलांनी वेगळी वाट काढली. बर्जने एका दिवाणी दाव्यात शपथेवर लेखी उत्तर दिलं होतं की मी छळ केला नाही आणि मला कुठला छळ माहीत नाही. ते खोटं बोलणं अलीकडचं होतं, त्याची मुदत शिल्लक होती. २००८ मध्ये अटक, २०१० मध्ये दोषी, साडेचार वर्षांची शिक्षा. छळाबद्दल नाही, छळाबद्दल खोटं बोलल्याबद्दल. पेन्शन बोर्डात ४-४ अशी मतं पडली आणि पेन्शन तशीच राहिली. २०१८ मध्ये तो वारला.

इथपर्यंतची गोष्ट कोर्टाची. आणि इथेच लोकांच्या लक्षात आलं की कोर्ट आपल्याला यापुढे काही देऊ शकत नाही. कॅननचंच बघा, त्याने १९८८ मध्ये, जेव्हा हा सगळा प्रकार बाहेर आलाच नव्हता, तेव्हा शहराशी ३००० डॉलरवर तडजोड केली होती. नंतर सगळं उघड झालं, तो सुटला, पण कोर्ट म्हणालं आता परत दावा लावता येणार नाही, तू सही केलीस. बहुतेकांचं असंच काहीतरी होतं. आणि पैसे मिळाले तरी रात्री झोप लागत नाही त्याचं काय, बाप वीस वर्षं आत होता त्या मुलांचं काय?

२०१० च्या सुमारास वकील, कलाकार, शिक्षक आणि छळातून वाचलेली माणसं यांनी मिळून शिकागो टॉर्चर जस्टिस मेमोरियल्स हा गट सुरू केला. त्यांनी लोकांना आवाहन केलं की या छळाचं स्मारक कसं असावं ते कल्पना करून पाठवा, आणि २०१२ मध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं. कोणी चित्र दिलं, कोणी शिल्पाचा आराखडा. जोई मोगल या वकिलाने दिला महापालिकेच्या ठरावाचा मसुदा, कायद्याच्या भाषेत लिहिलेला, की शहराने हे हे हे केलं पाहिजे. तेव्हा ती कल्पनाच होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, तो मसुदा खरोखर दोन नगरसेवकांनी सभागृहात मांडला.

त्यात शब्द होता रेपरेशन्स. याला मराठीत नुकसानभरपाई म्हटलं तर अर्धाच अर्थ येतो. भरपाई म्हणजे चेक दिला, विषय मिटला. रेपरेशन्समध्ये चूक जाहीर कबूल करणं येतं, माफी येते, माणसाला परत उभं राहायला मदत येते, आणि हे पुन्हा विसरलं जाणार नाही याची सोय येते. काय काय लागेल हे ठरवताना ज्यांनी भोगलं त्यांचंच ऐकून यादी केली होती.

मांडल्यावर ठराव वर्षभर नुसता पडून राहिला. मग २०१४ च्या शेवटी खरी मोहीम पेटली आणि त्यात नवीन पोरं आली. मारियामे काबा यांच्या पुढाकाराने 'वुई चार्ज जेनोसाईड' हा तरुणांचा गट निघाला होता, म्हणजे 'आम्ही वंशसंहाराचा आरोप ठेवतो', हे नाव १९५१ मध्ये ब्लॅक नेत्यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाचं. यातल्या काहींचा एक जवळचा मित्र त्याच वर्षी पोलिसांनी टेझर, म्हणजे करंटची बंदूक, मारल्यावर गेला होता. त्यांच्यातले आठ जण नोव्हेंबर २०१४ मध्ये जिनेव्हाला गेले, संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे बोलले, आणि अमेरिकी सरकारची माणसं समोर असताना तिथेच उभं राहून मूक निषेध केला. समितीने आपल्या निष्कर्षात शिकागोचा उल्लेख केला आणि हा ठराव मंजूर व्हावा असं सुचवलं. तरुण पोरं ही, विमानाचं तिकीट वर्गणीतून काढलेलं.

आणि इकडे महापालिकेची निवडणूक आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांना पहिल्या फेरीत बहुमत मिळालं नाही, एप्रिलमध्ये दुसरी फेरी ठरली, आणि साउथ साइडच्या ब्लॅक मतांशिवाय ते निवडून येणं अवघड होतं. मोहिमेने हीच वेळ धरली. पोलीस मुख्यालयापासून सिटी हॉलपर्यंत मोर्चा, सिटी हॉलच्या लॉबीत गाणी म्हणत बसणं, चर्चमध्ये लोकांना माहिती देण्याच्या बैठका, लोकल ट्रेनच्या डब्यात चढून प्रवाशांना बर्ज कोण होता ते सांगणं. मला तो ट्रेनचा प्रकार फार आवडतो, कारण कामाला निघालेला माणूस कुठे मोर्च्याला येतो, मग तुम्हीच त्याच्या डब्यात जा.

६ मे २०१५ ला सभागृहाने ठराव एकमताने मंजूर केला. त्या दिवशी छळातून वाचलेली माणसं तिथे बसली होती, एकेकाचं नाव वाचलं गेलं, एकेक जण उभा राहिला, आणि मग समोरचे नगरसेवक उभे राहिले. महापौरांनी शहराच्या वतीने माफी मागितली. हातात काय आलं ते सांगते. ५५ लाख डॉलरचा निधी, पुढे ५७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलरपर्यंत, मूळ मागणी मात्र २ कोटींची होती. शहराच्या कॉलेजांत त्यांना आणि मुला-नातवंडांना फुकट शिक्षण. सरकारी शाळांत आठवी आणि दहावीला बर्जचा इतिहास शिकवायचा. साउथ साइडला मानसिक उपचारांचं केंद्र, ते २०१७ मध्ये एंगलवुडमध्ये सुरू झालं. आणि एक सार्वजनिक स्मारक, जे मंजूर होऊनही वर्षानुवर्षं कागदावरच अडकलं. पोलिसांच्या वांशिक हिंसेबद्दल अमेरिकेत एखाद्या शहराने असे रेपरेशन्स दिल्याचं हे पहिलंच उदाहरण. आठवीतल्या पोरांना वर्गात हे शिकवतात हे ऐकून मला पैशापेक्षा जास्त समाधान वाटलं, कारण पैसे ५७ जणांपुरते होते.

पण या मंजुरीच्या आधीच्या एप्रिल महिन्यात, एकीकडे हा समझोता ठरत असताना, शहराने दुसऱ्या एका कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले, तेही दावा लागायच्या आधीच. ऑक्टोबर २०१४ मध्ये लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलाला एका पोलिसाने १६ गोळ्या घातल्या होत्या. सांगितलं होतं की तो चाकू घेऊन अंगावर आला. गाडीच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ शहराने १३ महिने दाबला, एका पत्रकाराने माहितीच्या अधिकारात कोर्टात भांडून तो नोव्हेंबर २०१५ मध्ये बाहेर काढला, आणि त्यात मुलगा पोलिसांपासून लांब चाललेला दिसतो. लोक रस्त्यावर आले, 'सोळा गोळ्या आणि लपवाछपवी' ही घोषणा शहरभर झाली. इथे परत तेच, संघटना तयार होत्या म्हणून राग वाया गेला नाही. पोलीस प्रमुखाची नोकरी गेली, आणि आरोपपत्राला वर्षभर लावणाऱ्या मुख्य सरकारी वकील अनिता अल्वारेझ यांना मार्च २०१६ मध्ये मतदारांनी घरी बसवलं, त्यासाठी ब्लॅक तरुणींच्या गटांनी घरोघरी आणि चौकाचौकात प्रचार केला. १९६९ च्या छाप्यामागचा सरकारी वकील एडवर्ड हॅनरहॅन यालाही १९७२ मध्ये ब्लॅक मतदारांनीच पाडलं होतं, त्यामुळे साउथ साइडच्या जुन्या माणसांना हे नवीन नव्हतं. गोळ्या घालणारा पोलीस २०१८ मध्ये दोषी ठरला, शिक्षा पावणेसात वर्षं.

नंतरची मोठी मागणी अशी की पोलिसांवर नजर ठेवायला वस्तीनेच माणसं निवडून द्यायची. अनेक वर्षांच्या भांडणानंतर जुलै २०२१ मध्ये तो कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शिकागोच्या २२ पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी तीन, म्हणजे ६६ लोक निवडून आले. अधिकार मर्यादितच आहेत, पोलिसाला काढून टाकायचा अधिकार त्यांना नाही. पण त्यांच्या सभा उघड्या असतात आणि कोणीही जाऊन बोलू शकतं.

आणि ती यादी अजून चालू आहे. छळाचे दावे तपासायला राज्याने २००९ मध्ये एक आयोग केला, आधी फक्त बर्जच्या केसेससाठी, २०१६ पासून अख्ख्या शिकागो परिसरासाठी. त्याच्याकडे शेकडो अर्ज आले आहेत, निकाल लागायला वर्षं जातात. अर्ज करणारे बरेच जण तीस-चाळीस वर्षांपूर्वी आत गेलेत आणि आता म्हातारे झालेत. त्या मानसिक उपचार केंद्रातली माणसं, ज्यातले काही स्वतः एरिया टूमधून वाचून आलेत, सुटून येणाऱ्याला घ्यायला तुरुंगाच्या दारापर्यंत जातात.